यमक अडलं की तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

श्रावणी_धांदल

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा लहान मुलांचं गाणं बसवायचं ठरलं आणि ‘तू लिहितेस ना गं काहीबाही’ म्हणत ते माझ्या गळ्यात पडलं. विषय पाऊस. पहिली ओळ सुचली तीच अशी की शेवटी ‘पाऊस’ आला, आणि गाडी तिथेच रुतली. ओट्यापाशी उभी राहून बाराखडी म्हणत होते. काऊस, खाऊस, गाऊस, घाऊस... कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, वरणाचं पिठलं झालं. हाताला लागलं काय, तर ऊस आणि हाऊस. ऊस घालून बघितला, तर ओळ साखर कारखान्याच्या जाहिरातीसारखी वाटायला लागली.

तेवढ्यात मागून लेक ओरडली, ‘आई, तो लाडू नको खाऊस, माझा आहे!’ खाऊस. जाऊस. गाऊस. बाराखडीत हे सगळे तोंडातून जाऊन आले होते, पण शब्द म्हणून मी त्यांना ओळखलंच नव्हतं. दहा मिनिटांत ध्रुवपद झालं:

आला आला पाऊस, आता नको जाऊस
वाळत टाकल्या कुरडया तेवढ्या नको खाऊस

गंमत म्हणजे मी बसले होते पावसाचं स्वागत लिहायला आणि झालं पावसाशी भांडण. ते यमकाने केलं, मी नाही.

म्हणून हा धागा. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, यमकाने तुम्हाला धरून कुठे भलतीकडे नेलं, ते लिहा. गझल, रॅप, उखाणा, आरती, निरोप समारंभाची कविता, काहीही चालेल. ‘नुसतं यमक म्हणजे कविता नव्हे’ हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तेवढं सोडून बोला.

मंगलाष्टक_मास्तर

नोकरी बँकेत, पण नातेवाइकांत माझी ओळख मंगलाष्टकं लिहून देणारा. आजवर तीसेक लग्नं झाली असतील. लोकांना वाटतं, शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’ आहेच, मागे चार ओळी जोडल्या की झालं. पण शार्दूलविक्रीडित हे वृत्त म्हणजे मोजून कापलेला कोट आहे. एका ओळीत एकोणीस अक्षरं, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) म-स-ज-स-त-त आणि शेवटी एक गुरू (दीर्घ) अक्षर, बाराव्या अक्षरावर थांबा. वधूवरांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावं तर घालायचीच, वर ‘आमच्या बेबीआत्याचं नाव राहिलं तर ती जेवायला थांबणार नाही’ असा निरोप येतो.

नाव ऐकलं की मी आधी लघू (ऱ्हस्व) आणि गुरू मोजतो. ‘ऋतुजा’ म्हणजे लघू, लघू, गुरू. सरळ स गणात बसते, गुणी मुलगी. ‘मृण्मयी’लाही जागा आहे. परवा मात्र आजोबा निघाले मधुकर. चार अक्षरं, चारही लघू. या वृत्तात सलग चार लघू येतच नाहीत, जास्तीत जास्त तीन, नववं-दहावं-अकरावं. मग बारावं गुरू हवं म्हणून मी ‘मधुकरा’ केलं:

आशीर्वाद तुम्हांस दे मधुकरा, आजी उभी सोबती

वृत्त असं चपखल बसलं की मी स्वतःवरच खूश. आजोबांना वाचून दाखवलं. आजोबा चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘मला एकेरीत हाक मारून आशीर्वाद मागतोयस का?’ आता तुम्हीच वाचा. खरंच तसंच होतंय.

दुसरा खर्डा असा:

आशीर्वाद तुम्हांस देत असती आजी नि आबा उभे

नाव गेलं, पण मान राहिला. आता ‘उभे’ला यमक हवंय. डोक्यात पहिला शब्द येतो ‘शोभे’, आणि तो चालत नाही. कारण या वृत्तात शेवटून दुसरं अक्षर लघूच लागतं आणि ‘शो’ तर गुरू. ‘नभे’ लिहिलं तर आकाशात कुणाला बसवू? लग्न चौदा तारखेला आहे. कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

नणंदबाई

यमक हा प्रकार आम्हा बायकांना कुणी वर्गात शिकवलेला नाही, तो थेट परीक्षेत विचारला जातो. लग्नात, सगळ्या वऱ्हाडासमोर, घास हातात धरून.

माझ्या नवऱ्याचं नाव ऋत्विक. यमक सुचलं एकच, सात्त्विक. आणि सासर मालवणचं. समोर सुरमई तळून ठेवलेली असताना ‘जेवण असावं सात्त्विक’ कुठल्या तोंडाने म्हणणार? साखरपुड्यापासून डोकं खाजवत होते. शेवटी चुलत आजेसासूबाईंनी गुपित सांगितलं: ‘अगो, नाव टोकाक कित्याक घालतंस? मधी घाल. टोकाक तुका हवो तो शब्द ठेव.’ तेव्हा कळलं, अख्खा महाराष्ट्र ‘अमुकरावांचं नाव घेते, तमुकच्या दिवशी’ का म्हणतो. नाव मधे गेलं की यमकाचं ओझं नवऱ्यावर राहत नाही.

सुरमईच्या तुकडीला लावते रवा,
ऋत्विकरावांसारखा नवराच हवा.

टाळ्या पडल्या. सासरे म्हणाले, रवा बरोबर, पण आमच्याकडे तांदळाचं पीठ लावतात.

कापूसकोंड्या

माझा अनुभव जरा कडू आहे. मी वऱ्हाडातला. आमच्याकडे ळ चा य होतो. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, सकाळी म्हणजे सकाई. एका दिवाळी अंकासाठी बोलीतली कविता पाठवली होती. त्यात दोन ओळी अशा:

फाटक्या दप्तरात मायची माया
पायानं चालत गाठली शाया

अंक हातात आला. मुद्रितशोधकाने बाकी सगळी बोली तशीच ठेवली होती, एवढं एक ‘शाया’ मात्र ‘शाळा’ करून टाकलं होतं. माया... शाळा. कार्यक्रमात एकाने ती वाचून दाखवली आणि मला बाजूला घेऊन समजावलं, ‘भाऊ, आशय छान आहे, यमकावर जरा मेहनत घ्या.’

बहिणाबाईंच्या ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ मधल्या ‘मियते’चंही लोक ‘मिळते’ करतात, तिथे माझी काय कथा. यमक कानाचं असतं आणि कान गावाचा असतो. तुमच्या कानाला शाया-माया जुळत नसेल तर हरकत नाही, पण माझ्या कानाची दुरुस्ती करू नका, एवढंच म्हणणं.

मांडवीकाठ

कापूसकोंड्या, आमच्याकडे याची दुसरी बाजू. मी मराठी आणि कोंकणी दोन्हींत गाणी करतो. मराठीत ‘नाव’ आणि ‘भाव’ डोळे मिटून जुळवतो. तेच गाणं कोंकणीत घेतलं की ‘नांव’ नाकातून येतं आणि ‘भाव’ तसा येत नाही. नांवाला मग गांव चालतो, हांव चालतो. मराठीनेही ते नाकातले उच्चार पूर्वी केलेच असणार, उगीच का ते अनुस्वार जुन्या पुस्तकांतून एवढे सांडलेले असतात.

तानपुरी

कानावरून विषय निघालाच आहे तर. मी सुगम संगीत शिकवते. एका विद्यार्थ्याने स्वतःचं गाणं आणलं, त्यात होतं:

मिटली माझी वाचा
शब्द उरला त्याचा

कागदावर काना-मात्रेसकट जुळलेलं. गायला लागला आणि दर वेळी दुसऱ्या ओळीवर काहीतरी खडा लागल्यासारखं व्हायचं. सूर तपासला, ताल तपासला. शेवटी त्याला नुसतं बोलून दाखवायला सांगितलं. ‘वाचा बसली’ मधला च टाळूचा, ‘चहा’तला. ‘त्याचा’ मधला च दाताचा, ‘चमचा’तला. मराठीत हे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांना अक्षर एकच आहे. ‘पुस्तक वाचा’ म्हटलं असतं तर ते ‘त्याचा’शी जुळलं असतं, कारण तो वाचा दाताचा. चार आणि चारा, जगातला जग आणि पाण्याचा जग, सगळी हीच भानगड. डोळ्याने यमक जुळवणाऱ्याला हे कळतच नाही.

उलटही होतं. ‘हर्ष’ आणि ‘स्पर्श’ लिहायला वेगळे, पण आज ष आणि श वेगळे काढणारे किती उरलेत? गाण्यात बिनधास्त चालतात.

आणखी एक, संगीतकारांकडून सारखं ऐकते ते. ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा असेल तर शब्द आ, ए, ओ मध्ये संपणारा द्या. ‘काठ’वर आलाप कसा घेणार? ठ वर गळा बंद. ‘किनारा’ का एवढा बोकाळलाय त्याचं उत्तर अर्ध्याहून अधिक इथे आहे.

अलामत_हवी

‘किनारा’चं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझ्या पहिल्या सोळा गझलांपैकी नऊ गझलांत किनारा होता. वारा, तारा, पसारा, निवारा, किनारा. एकदा काफिया (गझलेतला जुळणारा शब्द) वारा-तारा धरला की बाकीची मंडळी न बोलावता जेवायला येतात आणि सगळ्यांच्या गझला एकाच पंगतीतल्या वाटायला लागतात.

सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ हाती लागली तोवर मी काफियालाच यमक समजत होतो. खरं कुलूप वेगळंच आहे, अलामत. उदाहरण घ्या. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, ‘फळा’ आणि ‘मळा’ आले. म्हणजे ‘ळा’ तर जुळलाच, पण त्याच्या आधीचा ‘अ’ हा स्वरही बांधला गेला. आता गळा, लळा, झळा, कोवळा, सोहळा, वेगळा हे सगळे घरचे. पण उन्हाळा नाही, जिव्हाळा नाही, पाचोळा नाही, डोळा नाही. शेवटी नुसता ‘ळा’ आहे, एवढ्यावर त्यांना आत येता येत नाही.

मी एकदा मुशायऱ्यात याच जमिनीवर (वृत्त आणि काफियाच्या साच्यावर) ‘जिव्हाळा’ वाचला. शेर चांगला होता, दाद येईल असं वाटलं. पुढच्या रांगेतले एक बुजुर्ग नुसते हसले आणि त्यांनी शेजाऱ्याला चहा सांगितला. तो चहा अजून आठवतो.

तेव्हापासून मी मतला लिहायच्या आधी कागदावर सगळे काफिये उतरवतो. बारा-पंधरा भरले नाहीत तर जमीन सोडून देतो. त्यातले पहिले पाच, जे न विचार करता सुचतात, ते खोडतो. ते पाच प्रत्येकाला सुचलेले असतात. शेर बहुतेक वेळा नवव्या-दहाव्या शब्दावर उघडतो. परवा या ‘ळा’च्या यादीत तळाशी ‘सापळा’ आणि ‘ठोकळा’ निघाले. दोन्हींवर शेर झाले, ‘सोहळा’ पडून राहिला.

खोपोली_फास्ट

काका लोकांनो, राम राम. मी रॅप करतो. आमच्यात शेवटचं एक अक्षर जुळवलं तर पोरं ‘शाळेतली कविता’ म्हणून चिडवतात. मल्टी लागतो. म्हणजे ओळीतले चार-पाच स्वर पुढच्या ओळीत त्याच क्रमाने बसवायचे, व्यंजनं कुठलीही चालतील. ‘लोकलचा धक्का, कोकणचा पक्का’. नुसते स्वर बोलून बघा: ओ-अ-आ-अ-आ, परत ओ-अ-आ-अ-आ. गझलवाले सर ज्याला अलामत म्हणतात ती आम्ही पूर्ण ओळभर पसरवतो, असं मला आता वाचताना वाटलं.

माझी पद्धत: बीट लावतो, शब्दांशिवाय ना-ना-नो-ना करून फोनवर रेकॉर्ड करतो. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये ते ऐकत स्वर लिहून काढतो, मग त्यात शब्द भरतो.

खरा लोचा मराठीच्या वाक्यात आहे. क्रियापद शेवटी. मग प्रत्येक बार, म्हणजे रॅपची ओळ, कशावर संपतो? आहे, नाही, होतं, गेलं. आहे-नाही-आहे-नाही, झोप येते. त्यावर उपाय मला आईने दिला, तिला न कळता. आई चिडली की क्रियापद आधी फेकते. ‘ठेवलाय बघ डबा तिथं. दिसतोय का डोळ्यांना?’ लिहिताना आपण व्याकरणाची इस्त्री करतो, बोलताना कुठे करतो? आईसारखं लिहायला लागल्यापासून ओळीच्या शेवटी नामं यायला लागली.

पंतांचा_पाईक

वरच्या मुलाचं निरीक्षण आवडलं, पण एक पुस्ती जोडतो. प्रत्ययाचं किंवा क्रियापदाचं यमक हलकं, असा एक समज आहे. गेला-आला-झाला, मनाला-तनाला, यावर कुणीही नाक मुरडेल, मीही मुरडतो. मराठीत प्रत्ययांमुळे यमकं फुकट मिळतात आणि फुकटचं पचत नाही. पण मोरोपंतांची केकावली बघा:

सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो
कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो

घडो, पडो, झडो, नावडो. चारही क्रियापदं, चारही एकाच रूपातली, आणि तरी हलकं वाटत नाही, कारण ते प्रार्थनेचं रूप आहे. मागणं मागताना माणूस तेच तेच पुन्हा म्हणतो. इथे यमक म्हणजे हात जोडणं आहे. हेच पंत आर्या वृत्तात मात्र यमकासाठी शब्दांना असे काही पिळतात की अर्थ लावायला टीका उघडावी लागते, तेही मान्य. वामनपंडिताला तर लोकांनी ‘यमक्या वामन’ असं नावच ठेवलं, आणि ते कौतुकाने की कंटाळून, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

अभंगाची सोय मला फार शहाणपणाची वाटते. मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. ‘उभे विटेवरी, कर कटावरी’ इथे जुळलं, आणि ‘ठेवोनिया’ मोकळं सोडलं. शेवट बांधलेला नाही, त्यामुळे बोलणाऱ्याला श्वास घ्यायला जागा राहते. सगळीकडे शेवटालाच गाठ मारायची सवय आपल्याला कुठून लागली कोण जाणे.

पाटीपेन्सिल

माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथी एकत्र. भाषेच्या तासाला यमकाची साखळी खेळतो, एकाने शब्द द्यायचा, पुढच्याने जुळणारा. फळा, मळा, गळा नेहमीचं. एकाने दिला ‘मोबाईल’. मला वाटलं, साखळी तुटली. तर पोरं थांबेनातच: जाईल, खाईल, गाईल, न्हाईल, फाईल, स्टाईल! एक बारकी उठून म्हणाली, ‘बाई, मोबाईल आला की सगळं पुढं हुईल असंच येतंय.’ मी ते तसंच फळ्यावर लिहून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला पुसलं.

शून्यप्रहर

मी श्टुटगार्टला असतो, दिवसा संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो, रात्री कविता. इथे कुणाला ‘याला यमक सांग रे’ विचारायची सोय नाही, म्हणून यंत्राला कामाला लावलं. कल्पना साधी: शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेले असतात, मला शेवटच्या अक्षरावरून लावलेला हवा. शुद्धलेखन तपासणीची एक मुक्त शब्दयादी उतरवून घेतली आणि प्रत्येक शब्द उलटा केला.

पहिल्या फटक्यात ‘माळ’चं ‘ळाम’ झालं. संगणकाला काना हे स्वतंत्र चिन्ह वाटतं, उलटं केल्यावर तो म ला सोडून ळ च्या मांडीवर जाऊन बसला. जोडाक्षरांचं तर बघवत नव्हतं. मग शब्द अक्षराअक्षराने तोडून, मात्रा ज्याच्या त्याच्याकडे ठेवून पुन्हा उलटे केले. तरी हर्ष एका कपाटात आणि स्पर्श दुसऱ्यात, म्हणून लावायच्या आधी ष चा श केला. तानपुरी यांनी सांगितलेला च चा घोळ मात्र यंत्राला सुटण्यातला नाही, कारण लिखाणात तो दिसतच नाही. आज तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत मला तो घोळ आहे हेसुद्धा सुचलं नव्हतं.

यादी तयार झाली तेव्हा ‘णे’च्या कप्प्यात हजारो शब्द, करणे-धरणे-मरणे, निरुपयोगी अडगळ. पण ‘ळ’चा कप्पा उघडला आणि रात्रभर तिथेच बसलो. ओंजळीला यमक शोधत होतो. तिथे ओळीने उभे होते: वर्दळ, हिरवळ, दरवळ, मरगळ, ओघळ, भोवळ, कातळ, बाभळ, वावटळ. कितीतरी शब्द आजीच्या तोंडचे, पंधरा वर्षांत एकदाही न उच्चारलेले. ‘भोवळ’ मी मोठ्याने म्हणून बघितला. बायकोने आतून विचारलं, ‘काय झालं, पाणी आणू?’

ओंजळीची कविता अपुरीच आहे. यादी मात्र हवी असेल त्याने कळवा, पाठवतो.

उंबरठा

वडील गेल्यावर त्यांच्यावर लिहायला बसलो. आधी ‘वडील’ शब्दालाच अडलो. त्याला जुळतो तो ‘मंडील’, आणि माझ्या वडिलांनी आयुष्यात मंडील काय, साधी टोपी घातली नाही. मग ‘बाप’ घेतला.

वहीच्या पानावर डाव्या बाजूला आई लिहिलं, उजव्या बाजूला बाप. आईखाली भराभर आले: जाई, ताई, शाई, अंगाई, पुण्याई. बापाखाली: ताप, शाप, पाप, साप, थाप, धाक नव्हे धाप. मी बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत बसलो. माझं आणि वडिलांचं फारसं पटायचं नाही, त्यात भाषासुद्धा माझीच बाजू घेतेय असं वाटून कसंतरी झालं.

‘धाप’वर थांबलो. शेवटची दोन वर्षं त्यांना दोन जिने चढले की धाप लागायची. पहिल्या मजल्यावर ते थांबायचे आणि थांबलोय हे कळू नये म्हणून खिशातली किल्ली शोधल्यासारखं करायचे. किल्ली कायम हातातच असायची. हे मला माहीत होतं, पण यमक शोधेपर्यंत आठवलं नव्हतं. कविता झाली ती किल्लीची. त्यात बाप हा शब्द शेवटी आलाच नाही, त्यामुळे यमकही लागलं नाही.

श्रावणी_धांदल

उंबरठा, यावर काय लिहू कळेना. वाचून दोनदा उठून आले.

जुनीवही

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. यमक हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ‘ओवी बसली’ किंवा ‘नाही बसली’ एवढंच. मी लहानपणी विचारलं होतं, तुला जोडीचा शब्द इतक्या पटकन कसा सुचतो? ती म्हणाली, ‘सुचतुय कुठं, जातं एक फेरा फिरस्तवर वाट बघायची.’ पहिली ओळ म्हणून झाली की ती लगेच दुसरी म्हणत नसे. पहिलीच परत म्हणायची, दोनदा, कधी तीनदा, जात्यात दाण्यांची वैरण घालत. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाण्याची पद्धतच तशी. ती त्या वेळात पुढचा शब्द शोधत असायची.

दळण दळीते, पीठ पडतं रवा रवा
माहेरी धाडा सांगावा, बंधू यावा

ही तिचीच एक. ‘रवा’ आणि ‘यावा’. अलामतवाले दादा, चुकलंय ना? ती ‘यवा’ म्हणायची, तोंडात बसवून घ्यायची. चक्कीवर दळण जायला लागलं आणि तिच्या ओव्या थांबल्या. आम्ही म्हणायचो, आजी म्हण ना. ती म्हणायची, नुसतं बसून न्हाय येत.

अलामत_हवी

‘यवा’ असेल तर अजिबात चुकलेलं नाही, ताई. अलामत चोख आहे.

मंगलाष्टक_मास्तर

काम फत्ते. धाग्यावर कुणी ‘उभे’ला यमक दिलं नाही, ते बरंच झालं. काल दुसरा खर्डा घेऊन पुन्हा आजोबांकडे गेलो. ओळ ऐकली आणि म्हणाले, ‘उभे काय, उभे? गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. मला पहिल्या रांगेत खुर्ची सांगितली आहे. तू मला उभा करू नकोस, इथेच बसू दे.’

इथे! लघू, गुरू. उभ्याच्या जागी अलगद बसलं, आणि जोडीला ‘तिथे’ चालत आलं:

राहो सौख्य सदा घरी तुमचिया, नांदो रमाही तिथे
आशीर्वाद तुम्हांस देत असती आजी नि आबा इथे

आता बेबीआत्या तेवढी राहिली. बे-बी-आ-त्या, चारही गुरू. या वृत्तात सलग गुरू तीनच.